पूजेबाहेरचा पाना

मिरजेत आयुष्य गेल्यामुळे मला रेल्वेचं कौतुक असं नाही. आमच्या फडताळातली भांडी किणकिणली की कुठली गाडी आली ते मी न बघता सांगते. तरी या खेपेला बंगळूरला निघताना मी हट्टाने खिडकीची जागा घेतली, कारण मुलाकडे नेहमीच जाते, यंदा विहिणीकडे सणाला बोलावणं होतं. मुलगा इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला, बिऱ्हाड जे. पी. नगरात. सून वैदेही तिथल्याच मराठी घरातली. तिचे पूर्वज तीन-चारशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर दक्षिणेत गेले आणि तिकडचेच होऊन गेले. तिची आई ताराबाई रेल्वेत आहेत, एवढं सांगितलं की आमच्या गल्लीतल्या बायका त्यांना तिकिटाच्या खिडकीत बसवून मोकळ्या होतात. त्या डब्याखाली उतरून ब्रेक दुरुस्त करतात हे सांगितलं की सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागतं.

बंगळूरला उतरले तेव्हा हवेत छान गारवा होता आणि रस्त्याच्या कडेला झेंडूचे ढीग लागले होते. तिकडे आयुधपूजेचं (आपली खंडेनवमी) प्रस्थ फार मोठं. रिक्षांना केळीचे खांब, बसच्या तोंडाला हार, पंक्चरवाल्याच्या पंपालासुद्धा कुंकू. मुलगा म्हणाला, "आई, आमच्या ऑफिसातही पूजा आहे, लॅपटॉपची. येतेस?"

"तुझ्या लॅपटॉपने मला कधी कुठं नेलंय का?" मी म्हटलं. "मी विहिणीकडे जाणार."

चार दिवस मुलाकडे राहून नवमीच्या सकाळी बॅग घेऊनच निघाले, कारण दसऱ्याला घरी हवी म्हणून परतीचं तिकीट त्याच संध्याकाळचं होतं. वैदेही बरोबर होती. रेल्वेची ती जुनी वसाहत शहराच्या मधोमध आहे, पण फाटकातून आत शिरलं की हॉर्नचे आवाज मागे पडतात. दगडी भिंती, कौलारू छपरं, मोठाले वृक्ष आणि दोरीवर वाळणारे निळे कपडे. इथे प्रत्येक घरचा दिवस वेगळ्या वेळी उजाडतो. एका ओट्यावर कॉफी चालली होती, शेजारी त्याच वेळी कुणी रात्रीचं जेवण जेवत होतं. वैदेही स्कूटर लावत होती, तेवढ्यात मी पुढे होऊन एका दाराची कडी वाजवली. कडीला टॉवेल अडकवलेला होता. मला वाटलं वाळत घातलाय. दार उघडून भल्या मोठ्या मिशांचा एक माणूस अर्धवट डोळ्यांनी माझ्याकडे बघत उभा राहिला.

"अहो आई, टॉवेल असला की वाजवायचं नसतं!" वैदेही धावत आली. "आत रात्रपाळीचा माणूस झोपलेला असतो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो बिचारा मात्र म्हणाला, "परवागिल्ला अम्मा" (असू द्या), आणि हाताने पलीकडचं घर दाखवून पुन्हा झोपायला गेला.

ताराबाईंनी गरम चित्रान्न (फोडणीचा लिंबूभात) वाढलं. "स्वल्प (थोडं) आणखी घ्या की विहीणबाई," म्हणत ताटात डोंगर केला. पण सणाच्या दिवशी त्या निळ्या गणवेशात होत्या. गजरा नाही, नवी साडी नाही.

"आज हा वेश?" मी विचारलं.

"मला ह्या वर्षी पूजा नाही की," त्या म्हणाल्या.

कुणाचं सुतक आलं की काय, म्हणून मी घास हातातच धरला. तर बाईंचा चेहरा असा फुललेला, की स्वतःच्या लग्नातही इतका फुलला नसेल.

मग उलगडा झाला. खंडेनवमीला पूजेत मांडलेलं हत्यार दुसऱ्या दिवसापर्यंत उचलायचं नसतं. पण गाड्या थांबत नाहीत, सणाला तर जास्तच धावतात. म्हणून त्यांच्या दुरुस्तीच्या आवारात एक रीत आहे. हत्यारांची एक पिशवी पूजेबाहेर ठेवायची आणि ती एका माणसाच्या हाती द्यायची. त्याने पूजेला बसायचं नाही, प्रसाद घ्यायचा नाही, गाडीकडे बघायचं. गाडी ठीक आहे असं त्याने सांगितलं की मगच कोहळा फोडायचा. हा तिथला सगळ्यात मोठा मान. इतकी वर्षं तो मुनियप्पा नावाच्या जुन्या फिटरकडे होता. आता ते निवृत्त होणार, म्हणून त्यांनी पिशवी ताराबाईंना दिली होती. बाईमाणसाच्या हाती ती प्रथमच आली होती. यजमान गेल्यावर त्यांच्या जागी मिळालेली ही नोकरी, त्यामुळे 'बसल्या जागी मिळालेली' असं दोघं-तिघं अजूनही कुजबुजत असत. आज काही बिघडलं तर त्यांना आयतंच निमित्त मिळणार होतं.

दुपारी आम्ही आवारात गेलो. त्या दिवशी घरच्यांना आत येऊ देतात. रुळांच्या मधोमध लांबच लांब खड्डा, त्यावर उभी गाडी, आणि कडेला स्वच्छ धुतलेले पाने, हातोडे, जॅक रांगेने मांडून त्यांना विभूती आणि फुलं. बायकापोरं नटूनथटून आलेली. बूदगुंबळ (कोहळा) हातात घेऊन मुनियप्पा तयार. आणि माझी विहीण त्या सगळ्यांकडे पाठ करून खड्ड्यात उतरलेली.

ती गाडी माझीच होती, संध्याकाळची. ब्रेकच्या नळ्यांत हवा भरून बघताना दाब दाखवणारा काटा खाली येऊ लागला. एका डब्याखाली कुठंतरी हवा गळत होती. ताराबाईंनी नळीवर साबणाचा फेस लावला, बुडबुडे आले तिथली रबरी कडी बदलली. पुन्हा हवा भरली. काटा पुन्हा उतरला. आरती थांबली. पुरोहित रिक्षास्टँडवरच्या पूजेला उशीर होतो म्हणून चुळबुळत होते. साहेब आले, घड्याळ बघून म्हणाले, डबा काढून टाका. वैदेही माझा दंड धरून कुजबुजली, "आई, सणाचा जादा डबा शिल्लक नाहीये. त्या डब्यातली माणसं इथंच राहतील."

ताराबाई खड्ड्यातूनच कानडीत म्हणाल्या (वैदेही माझ्या कानात सगळं मराठीत सांगत होती), "साहेब, आणखी एकदा बघू द्या."

मागून कुणीतरी खाकरलं. त्या खाकरण्याचा अर्थ मला कानडी न येताही कळला आणि मी वळून त्या माणसाकडे असं बघितलं की तो झेंडूच्या माळा सारख्या करू लागला. साहेबांनी मुनियप्पांकडे नजर टाकली. मुनियप्पा म्हणाले, "पिशवी तिची आहे, तिलाच विचारा," आणि कोहळा घट्ट धरून उभे राहिले. साहेबांनी होकार दिला.

ताराबाई डब्याखाली पार आत गेल्या. फक्त त्यांचे बूट दिसत होते. माझा जीव टांगणीला लागला. मी देवाला म्हटलं, आज तुझी पूजा स्वल्प उशिरा झाली तर तुझं काही अडत नाही, हिचं अडतंय. आतून पान्याचा आवाज आला, थांबला, पुन्हा आला. गळती आणखी एका सांध्यात होती, पत्र्याच्या पट्टीमागे दडलेली. त्या बाहेर आल्या तेव्हा कपाळापर्यंत काळं झालेलं. हवा भरली. सगळं आवार काट्याकडे बघत राहिलं. काटा जागचा हलला नाही. साहेबांनी खूप वेळ बघितलं, मग मान डोलावली.

"आयतु अक्का?" (झालं का?) मुनियप्पांनी ओरडून विचारलं.

"आयतु!"

कोहळा फुटला, तोही त्याच डब्याच्या चाकापुढे. टाळ्या, घंटा, कडलेपुरीची (फुटाणे-चुरमुरे) उधळण. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि मी ते पुसलंही नाही. मघाचा खाकरणारा सगळ्यांत पुढे होऊन अक्कांना पाण्याची बाटली देत होता. पिशवी खांद्याला लावून ताराबाई म्हणाल्या, "सरी (बरं) विहीणबाई, स्टेशनावर येता नाही येणार. दुसरी गाडी लागली की."

संध्याकाळी गाडी सुटली. मी बॅग जागेवर ठेवली आणि दुपारी नंबर बघून ठेवला होता, डब्यांमागून डबे ओलांडत तो डबा गाठला. खच्चून भरला होता. कुणी झेंडूचं तोरण खिडकीला बांधलेलं, कुणी पायाशी पेटी, एक नवी सासुरवाशीण माहेरी निघालेली, एक आजोबा आतापासूनच घोरत होते. मी वाटेत उभी राहून सगळ्यांकडे बघत होते.

"काकू, इथं तुमची जागा आहे का?" सासुरवाशिणीने विचारलं.

"जागा दुसऱ्या डब्यात आहे," मी म्हटलं. "हा डबा दुपारी माझ्या विहिणीने चालता केलाय, तो बघायला आले."

ती सरकली आणि मी बसले. मग मी काही राखून ठेवलं नाही. खड्डा, फेस, काटा, कोहळा, सगळं सांगितलं, माझ्या मुलाच्या पगाराबद्दलही कधी इतक्या ताठ मानेने बोलले नव्हते. समोरच्या बाकावरचे लोक पुढे झुकून ऐकत होते. बोलता बोलता गाडीचा वेग उतरू लागला. लहानसं स्टेशन आलं होतं. धक्का नाही, कुरकुर नाही, पाण्याची बाटलीसुद्धा कलंडली नाही, आणि डबा अलगद थांबला. आजोबांची झोप मोडली नाही.

"ह्या बघा ताराबाई," मी म्हटलं.