आवाक्यातलं ध्येय

"न्यायाधीश?" काका म्हणाले आणि खोलीभर बघून हसले. मग माझ्याकडे वळले. "बेटा, ध्येय आवाक्यातलं असावं. तुझं टायपिंग चांगलं आहे ना? कोर्टातच जायचंय तर स्टेनो हो. पंखा आहे, पेन्शन आहे. तुझ्या बाबांना बरं वाटेल."

बाकीची मुलं हसली. मीही हसले. आजही आठवलं की त्या हसण्याची मला किळस येते. त्यांच्या नाही, माझ्या.

काका म्हणजे रेल्वेतून मोठे इंजिनियर म्हणून निवृत्त झालेले साहेब. लखनौच्या महानगर नावाच्या वस्तीत त्यांचं दुमजली घर. लखनौतल्या मराठी मंडळाचे ते सर्वेसर्वा. नुकत्याच पदवीधर झालेल्या मराठी मुलांसाठी ते रविवारी सकाळी घरी ध्येय शिबिर घ्यायचे. फुकट. फुकट असल्याचं दर रविवारी सांगायचे. शिबिराच्या शेवटी, गणपतीत, प्रत्येक मुलानं स्टेजवर जाऊन देवासमोर आपला संकल्प बोलायचा, अशी मंडळाची पद्धत.

आम्ही तेलीबागेत राहतो. बाबा आर्मीतून हवालदार म्हणून सुटले आणि इथंच एका बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभे राहायला लागले. आमच्या भिंतीवर निळ्या कोटातला फोटो आहे. बाबा देव मानत नाहीत. तरी दर वर्षी मंडळाच्या गणपतीला जायचे, इस्त्रीचा शर्ट घालून. का, तर मराठी ऐकायला. दिवसभर भैया, भाईसाहब ऐकून कान किटतात, म्हणायचे. तिथं कुणी "या, बसा" म्हटलं की त्यांचा चेहरा फुलायचा. परमुलखात सगळे मराठी एक, हे त्यांचं लाडकं वाक्य. मला शिबिरात त्यांनीच घातलं. "आपली माणसं आहेत," म्हणाले.

आपली माणसं. पहिल्याच रविवारी काकूंनी मला विचारलं, गाव कुठलं. मी सांगितलं. "अच्छा, अच्छा. आणि गावात घर कुठल्या बाजूला?" मी जन्मले लखनौत. गाव लहानपणी पाहिलेलं, लग्नाबिग्नाला. मी भाबडेपणानं सांगून टाकलं, ओढ्याच्या पलीकडे, गावाच्या बाहेर. काकू "हं" म्हणाल्या. आडनावावरून जे नक्की होईना ते ओढ्यानं नक्की केलं. पुढच्या रविवारपासून चहाचा ट्रे माझ्या हातात आला. "तुला सवय असेल ना गं कामाची." बाकीच्या पोरींना नव्हती म्हणे.

काकांचं शिबिर म्हणजे तीन नियम. ध्येय मोजता आलं पाहिजे. ध्येयाला मुदत पाहिजे. ध्येय आवाक्यात पाहिजे. फळ्यावर लिहून खाली रेघ मारायचे. नियम चांगले होते, मी खोटं बोलणार नाही. म्हणून तर मी ते मनावर घेतले. एलएलबी झाले होते. पीसीएस-जे द्यायची, म्हणजे दिवाणी न्यायाधीशाची परीक्षा. कुठल्या महिन्यापर्यंत कुठला कायदा संपवायचा, किती वेळा परीक्षेला बसायचं, नाहीच झालं तर कुठल्या वकिलाकडे उभं राहायचं, सगळं ठरवून गेले होते. सांगायला सुरुवात केली. "न्यायाधीश" या शब्दाच्या पुढं मला कुणी जाऊच दिलं नाही.

माझ्यानंतर एअरफोर्समधल्या एका साहेबांचा मुलगा उठला. इंजिनियरिंगचे विषय राहिलेले, खिशात हात. "अंकल, स्टार्टअप करूँगा." कशाचं, ते त्याला माहीत नव्हतं. काकांनी विचारलंही नाही. मोजायचं काय, मुदत किती, काही नाही. "शाब्बास," म्हणाले. "मोठं बघायला शिका रे याच्याकडून."

मी कप गोळा करून आत गेले. आत काकू कुणाला तरी सांगत होत्या, "हिला काय टेन्शन यार, हिचं कोट्यातून होऊन जाईल."

मी सिंकपाशी उभी राहिले आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बाहेरच्या खोलीत न्यायाधीश होणं मला झेपणारं नव्हतं. आतल्या खोलीत तेच मला आयतं मिळणार होतं. नवरा बाहेर, बायको आत, मधे एक पडदा. दोघांनाही आपण खरं बोलतोय याची खात्री. एवढी शिकलेली माणसं, आणि निदान आपसात ठरवून बोलावं इतकीही अक्कल नाही. इतके दिवस यांच्या मताला मी घाबरत होते. कप तसेच टाकले आणि घरी आले. चहाचा ट्रे पुन्हा उचलला नाही.

पण गणपतीला गेले. बाबांसाठी गेले.

स्टेजवर काका एकेकाला पुढं बोलवत होते. माझी पाळी आली तर त्यांनी माईक दिलाच नाही. स्वतःच बोलले. "आपल्या तेलीबागच्या हवालदारांची ही मुलगी. हिचा संकल्प अगदी वास्तववादी. कोर्टात स्टेनोग्राफर होणार." आणि नारळ माझ्या हातात ठेवला.

समोर तिसऱ्या रांगेत बाबा टाळ्या वाजवत होते. घरी मी रोज काय वाचते ते त्यांना माहीत होतं. तरी साहेब म्हणाले म्हणून वाजवत होते. तो अपमान मला सगळ्यात जास्त लागला.

स्टेनो होण्यात कमीपणा नाही. माझी जिवलग मैत्रीण स्टेनो आहे, आणि ते तिनं स्वतः ठरवलंय. माझं या माणसानं ठरवलं, माझ्या तोंडावर, माझ्या नावावर.

मी नारळ खाली ठेवला आणि माईक ओढला. म्हणाले, "काकांनी चुकीचं सांगितलं. मला न्यायाधीश व्हायचंय. त्यांना मी तसंच सांगितलं होतं."

एवढंच. आवाजही चढवला नाही. पुढच्या रांगेतली एक बाई म्हणाली, "चला, आरती उरकून घेऊ या." बाबा बुटांकडे बघत होते.

स्कूटरवर ते म्हणाले, "साहेबांना सगळ्यांसमोर खोटं पाडलंस."

"खोटंच बोलले ते."

मग घराच्या गेटपाशी बाबा म्हणाले, "इथं दुसरं कोण आहे आपलं, बेटा?" मंडळात जाणं बंद झालं. बाबांचा इस्त्रीचा शर्ट कपाटात राहिला. हे माझ्यामुळं झालं असं नातेवाईक म्हणतात. म्हणू देत. कुणामुळं झालं ते मला ठाऊक आहे.

पहिल्या वेळी पूर्वपरीक्षेत आपटले. काकांनी बाबांना भर बाजारात गाठून ऐकवलं, "मी म्हणालोच होतो." यंदा पूर्वपरीक्षा पास झाले. बातमी महानगरात कशी पोचली देव जाणे. काकांचा फोन आला, बाबांच्या मोबाइलवर. स्पीकरवर होता.

"अरे, आपल्या शिबिराची मुलगी. यंदा गणपतीत तिलाच बोलवतोय स्टेजवर. ध्येय कसं ठरवायचं ते तिनंच सांगू दे नव्या मुलांना."

निर्लज्जपणालाही काही मुदत असावी. बाबा माझ्याकडे बघत राहिले. मी फोन घेतला. "येते, काका. पण माईक माझ्या हातात पाहिजे." ते खूश झाले. हसले. तेच हसणं.

मुख्य परीक्षा बाकी आहे, मुलाखत बाकी आहे. पास होईन, नापास होईन, ते माझं मी बघेन. या भाषणाचा त्याच्याशी संबंध नाही.

मी मुलांना काकांचेच तीन नियम सांगणार. मग सांगणार की तिसरा नियम इथं माणूस बघून लावतात. पडद्याच्या बाहेर मला काय म्हटलं गेलं आणि आत काय, ते शब्दाला शब्द सांगणार. कोण म्हणालं, तेही. दोघंही पहिल्याच रांगेत असतात.

बाबांना सांगून ठेवलंय, शर्ट इस्त्रीला टाका, तिसऱ्या रांगेत बसा, आणि या वेळी बुटांकडे बघायचं नाही. ते काही बोलले नाहीत.

मी बोलणार आहे.