बनुबाईचा दोरा

प्रवरेच्या काठच्या त्या गावात पस्तिशीच्या आतल्या बहुतेकांना जगात आल्यावर पहिला हात लागला होता तो बनुबाईचा. नाळ कापून पोर पुसलं, की ही सुईण त्याच्या टाळूपासून टाचेपर्यंत दोरा धरायची, तोडायची आणि बाळंतिणीच्या लुगड्याची चिंधी त्याला बांधायची. असे शेकडो दोरे तिनं एका गाडग्यात जपले होते. कशाला, असं कुणी विचारलं तर म्हणायची, "मला लिवता येत न्हाई, म्हून."

दोऱ्याच्या लांबीवरून ती पोर पुऱ्या दिवसांचं की आधी आलेलं ते सांगायची आणि गाव ते मानायचं. त्याचा तिला थोडा ताठाही होता. का नसावा?

१९४४ साली वटपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी मालनबाईची सून रतन बाळंत झाली. मुलगा झाला. बनुबाईनं दोरा धरला आणि जमलेल्या बायांसमोर कौतुकानं म्हणाली, "लई थोराड हाय गं! पुऱ्या दिसांचं, वर चार दिस जास्तीच."

मालनबाईचा चेहरा उतरला. तिचा मुलगा सहादेव पलटणीत होता. लढाईतून रजा काढून तो दसऱ्याला घरी आला, वीस दिवस राहिला आणि परत गेला. दसऱ्यापासून आजपर्यंत आठ महिने आणि वर सहा दिवस; पुऱ्या दिवसांना महिना कमी. बनुबाईच्या यातलं काही ध्यानात आलं नाही. चिंधी मागायचंही विसरून दोरा तसाच कनवटीला खोचला आणि गुळाचा खडा तोंडात टाकून ती घरी गेली.

पाचव्या दिवशी पोराला न्हाऊ घालायला आली, तर पाचवीच्या पूजेची काही तयारी नाही. रतनचे डोळे सुजलेले. उद्या तिचा बाप रंगनाथ गाडी घेऊन येणार होता, तिला कायमची माहेरी न्यायला.

"आज्जी, तुमीच म्हनला ना, पुऱ्या दिसांचं हाय म्हून?" रतन हळूच म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच बनुबाईला जास्त लागलं.

तिनं पोराला पायांवर घेतलं आणि आता नीट पाहिलं. खांद्यांवर मऊ लव होती. कानाची पाळी दुमडली तर दुमडलेलीच राहत होती. तळव्यांवर रेघा जेमतेम उमटल्या होत्या. आधी आलेल्या पोराच्या या सगळ्या खुणा तिला पाठ होत्या. पण पोराचं आकारमान बघून ती हुरळली होती आणि बाकी काही पाहिलंच नव्हतं.

घरी जाऊन तिनं भर दुपारी गाडगं पालथं केलं आणि चिंध्या ओळखून बापाच्या दोऱ्याशेजारी लेकराचा दोरा मांडत गेली. गावातल्या गहिनीनाथाचा दोरा आखूड, त्याच्या दोन्ही लेकींचेही आखूड, आणि दोघी तर पुऱ्या दिवसांच्या. ठेंगण्या आईची मुलं बहुतेक लहानखुरी. पोराचं मोठेपण नुसतं पोटातल्या दिवसांवर नसतं, आईबापाच्या अंगावरही जातं, हे इतकी वर्षं तिच्याच गाडग्यात पडून होतं. तिला स्वतःची लाज वाटली. मग एका हिरव्या इरकली चिंधीवर तिचा हात थांबला.

सकाळी मालनबाईच्या दारात गाडी जुंपलेली होती. रंगनाथ मान खाली घालून बसला होता, रतन पोराला घेऊन ओट्यावर होती. आजूबाजूच्या बाया जमल्या होत्या. एकदा 'चुकले' म्हटलं, की उद्या आपल्या शब्दाला कोण विचारणार, हे बनुबाईला कळत होतं. तरी ती ओट्यावर चढली.

"मालन, माजं चुकलं. पोर आदी आलंय."

"आता दोरा खोटा झाला व्हय?" मालनबाई म्हणाली.

"दोरा खराच हाय. मला त्यातलं कळलं न्हाई." तिनं हिरव्या चिंधीचा दोरा पुढं केला. "हे लुगडं वळकतीस?"

मालनबाईनं चिंधी ओळखली. तो सहादेवाचा दोरा होता. बनुबाईनं तो बाळाला लावला. बाळ बोटभर जास्तच भरलं.

"तुजा सहादेवबी आठ म्हैने सरले नि आला. पाळी चुकल्याचं तू पयलं मलाच सांगितलं हुतंस, म्हून मला ठावं. तोबी असाच थोराड. बापाच्या अंगावर गेलंय पोर." तिनं दोरा मालनबाईच्या हातात दिला. "तवा तुजा नवरा घरात हुता, मालन. म्हून तुजे दिस कुनी मोजले न्हाईत."

मालनबाईनं दोरा स्वतः बाळाला लावून पाहिला. मग रंगनाथाला म्हणाली, "इवाई, बैल सोडा." आणि तिनं नातवासाठी हात पुढं केले.

रतननं पोर लगेच दिलं नाही. स्वतःच्या लुगड्याचा काठ तिनं दातांनी फाडला आणि चिंधी बनुबाईपुढं धरली. "आदी ही बांदा, आज्जी. समद्यांच्या म्होरं." बनुबाईनं कनवटीचा बिनचिंधीचा दोरा काढून गाठ मारली. मग रतननं पोर सासूच्या ओंजळीत ठेवलं, पण तिच्या तोंडाकडं पाहिलं नाही.

पुढं दहा-बारा वर्षं बनुबाई बाळंतपणं करत राहिली. दोरा धरायची, चिंधीही बांधायची. पण आता दोरा हातात घेऊन ती आधी बाळंतिणीजवळ वाकायची आणि विचारायची, "बाई, तुजे दिस किती?" ती जे सांगेल, तेच बाहेर येऊन मोठ्यानं सांगायची.