हातानं दोन फेरे

"हिला बोलू द्या, आपण गप बसा." पट्टा ताणणाऱ्या टेन्शनरची चकती इंजिनातून काढली की मिस्त्री ती कानाशी धरायचे आणि डोळे मिटून अंगठ्यानं फिरवायचे. गुमान फिरली तर पुसून परत बसवायची. खरखरली तर बेअरिंग गेलं, नवी टाकायची. "थोडं तेल सोडा की मिस्त्री, चालंल," असं कुणी म्हणालं की ते मान हलवायचे. "तेल पट्ट्याला लागलं की पट्टा मेला. मग साहेब बायकापोरांसकट घाटात बसतील."

असली माणसं तुम्हीही पाहिली असतील. कामात इतकी चिवट, की शेजारी उभं राहणाऱ्याला वैताग यावा. मला तर लई यायचा. घरची शेती भावावर सोपवून मी गारखेड्यातल्या त्या गॅरेजात कामाला लागलो होतो. वाळूज-चिकलठाण्याला कंपन्या वाढत होत्या, तिथले साहेब लोक नव्या छोट्या गाड्या घेत होते, आणि त्या गाड्यांच्या इंजिनात साखळीऐवजी रबरी दातेरी पट्टा.

तो ताणून धरणारा टेन्शनर बसवायची मिस्त्रींची रीत ठरलेली. बोल्ट सैल ठेवायचा, स्प्रिंगला चकती ओढू द्यायची, मग पान्यानं इंजिन हातानं दोन फेरे फिरवायचं. पट्टा जागेवर बसला की मगच बोल्ट आवळायचा. माझं डोकं मात्र शेतातल्या पाण्याच्या इंजिनावर घडलेलं. तिथं पट्टा जितका ताठ तितका चांगला. मी पहार लावून चकती रेटायला गेलो की ते माझा हात धरायचे. "पाटील, मोट ओढायलात का? स्प्रिंगला तुमच्याहून जास्त अक्कल हाय." सगळं गॅरेज हसायचं. मीही हसायचो, पण आतून जळायचो. आमच्या गावात त्यांच्या वस्तीतला माणूस पाटलाचा हात धरून असं बोलला नसता. हे आज लिहितोय, तेव्हा स्वतःशीही कबूल केलं नव्हतं.

विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते. गावोगाव वातावरण तापलेलं. एका सकाळी मिस्त्रींना निरोप आला, वस्तीवर लोक चालून येणार असं गावात बोललं जातंय. चितेगावच्या पुढं, फाट्यावरून आत त्यांचं गाव. घरात म्हातारी आई एकटी. एस.टी. बंद. मालकांनी स्वतःची गाडी देऊ केली, पण नेमका तिचाच टेन्शनर काढून ठेवलेला. चकती तपासून झाली होती, बसवायची राहिली होती. "गावात फोन लावून येतो," मिस्त्री म्हणाले आणि चौकातल्या बूथवर पळाले.

मला वाटलं, तोवर आपण बसवून टाकू, माणसाचा वेळ वाचेल. देवाशप्पथ, मनात दुसरं काही नव्हतं. पण घाईत स्प्रिंगबिंग कोण बघतो! पहार लावली, चकती रेटली, बोल्ट कचकून आवळला आणि वर झाकण लावून मोकळा झालो.

ते धापा टाकत आले. "आईला निरोप दिलाय, गाडी घेऊन येतो, जागची हलू नको." गाडीत बसता बसता त्यांनी विचारलंच, "हातानं दोन फेरे दिले न?"

"व्हय," मी म्हणालो.

एरवी त्यांनी झाकण काढून पाहिलं असतं. त्या दिवशी माझ्या शब्दावर गेले.

चकती तिरकी बसली होती. दोन फेरे दिले असते तर पट्टा कडेला सरकताना दिसला असता. तो सरकत सरकत चितेगाव ओलांडल्यावर तुटला. मिस्त्री गाडी तिथंच टाकून पळत सुटले. पोचले तेव्हा वस्ती जळून गेली होती. बाकीची माणसं एका टेम्पोत बसून आधीच निघून गेली होती. निघताना त्यांनी आईला हाताला धरून ओढलं. ती म्हणाली, "माझं लेकरू गाडी घेऊन यायलंय. मी इथं नसले तर ते कुठं हुडकंल मला?" ती जळालेल्या घरातच सापडली. हे मला टेम्पोतल्याच एका बाईनं सांगितलं.

गाडी ओढून आणली तेव्हा मिस्त्रींनी ती स्वतः उघडली, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. चकतीच्या कडेवर पहारीचा ओरखडा होता. त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला.

"मिस्त्री, मारा मला," मी म्हणालो.

"दिले नव्हते तर नाय म्हणायचं होतं, पाटील. मीच दिले असते. किती वेळ लागतो?" त्यांनी हात धुतले आणि गेले. परत गॅरेजात आले नाहीत. मालकांना मी सांगितलं, पट्टा जुना होता.

पुढं काही वर्षांनी माझ्या आईचे डोळे तपासायला तिला हर्सूलकडच्या एका दवाखान्यात नेलं. दारावर राखणदाराच्या कपड्यात मिस्त्री. त्यांनी उठून आपलं स्टूल आईला दिलं, पाणी दिलं. "लेक नीट सांभाळतो न, मावशी?"

"लई गुणी हाय बाबा," आई म्हणाली. "ना कुणाच्या अध्यात, ना मध्यात."

मिस्त्रींनी माझ्याकडं पाहिलं. "व्हय, मावशी," म्हणाले.

आईला घेऊन बाहेर आलो तेव्हा स्टुलावर दुसराच माणूस बसला होता. मिस्त्री कुठं गेले, हे मी त्याला विचारलं नाही.