प्रूफबाईंची चूक

आमच्या मोठ्या जाऊबाईंना गल्लीत सगळे प्रूफबाई म्हणतात. छापखान्यात बावीस वर्षं त्यांनी प्रुफं तपासली. शेजारी बसून एक जण मूळ मजकूर मोठ्यानं वाचायचा आणि या छापील कागदावर पेन्सिल फिरवत अक्षर न् अक्षर पडताळायच्या. ती खोड घरातही आली. कुणाच्या लग्नाची पत्रिका हातात पडली की आधी त्यातल्या चुका, मग वधूवरांची नावं. माझ्या किराणा सामानाच्या यादीवरही लाल खुणा पडलेल्या आहेत. त्यावरून मी दोन दिवस अबोला धरला होता, हेही सांगून टाकते.

छापखाना बंद पडला तेव्हा त्या पन्नाशीला टेकल्या होत्या. आता घरी बसून माझ्या डोक्यावर मिरी वाटणार, असं मी धरूनच चालले होते. पण त्यांनी वर्षभराचा एक अभ्यासक्रम केला आणि डिस्लेक्सिया असलेल्या मुलांना वाचायला शिकवू लागल्या. मला आधी तो काहीतरी आजारच वाटला. मग त्यांनी समजावलं, की मूल हुशार असतं, डोळे-कान धड असतात, फक्त अक्षर आणि त्याचा आवाज यांची गाठ इतरांसारखी चटकन बसत नाही. ती सावकाश, पुन्हा पुन्हा बांधावी लागते. मागच्या खोलीत एका परातीत बारीक रेती आली. मुलं त्यात बोटानं अक्षर काढतात आणि तोंडानं त्याचा आवाज करतात. पुठ्ठ्याला एका ओळीएवढी खिडकी कापून ती पानावर ठेवतात, म्हणजे बाकीच्या ओळी अंगावर येत नाहीत. रेती घरभर होते. झाडते मी.

कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्यांची नऊ वर्षांची मुलगी आमच्याकडे आली, तेव्हा शाळेत वाचायची पाळी आली की तिच्या पोटात दुखायचं. वडिलांनी तिचे डोळे आपल्याच दुकानात तीनदा तपासले होते. डोळे ठणठणीत निघाले, म्हणून मग पोरगी आळशी ठरली. पहिले चार महिने भ आणि म, घ आणि ध यांतच गेले. आणि सहाव्या महिन्यात एके दिवशी तिनं सोळा पानांचं गोष्टीचं पुस्तक एकही चूक न करता वाचलं. जाऊबाईंचे पाय जमिनीवर ठरेनात. त्यांनी लगेच वडिलांना बोलावणं धाडलं.

चष्मेवाले दुकान मदतनिसावर सोपवून आले. मुलगी घडाघडा वाचू लागली. सातवं पान उलटताना दोन पानं एकमेकांना चिकटून एकदमच उलटली. आता समोर दहावं पान होतं, आणि ती आठवं वाचत राहिली. मला दारातूनसुद्धा दिसलं. चित्रात नदी होती आणि मुलगी बाजाराचं वर्णन करत होती. जाऊबाईंची पेन्सिल जागीच थांबली.

"पाठ केलंयस?" वडिलांनी विचारलं. तिनं हो म्हणून मान हलवली. मोठ्या बहिणीकडून दोनदा वाचून घेतलं होतं, तेवढ्यात सगळं पाठ झालं होतं.

"वाचता येत नाही ते मी सोसलं," ते म्हणाले. "पण खोटारडेपणा मी खपवून घेणार नाही."

जाऊबाईंनी तिला जवळ घेऊन विचारलं, की असं पाठ करायला कधीपासून लागलीस. ती इतक्या हळू बोलली की आम्हाला वाकावं लागलं. दुकानात डोळे तपासताना वाचायला लावतात तो अक्षरांचा तक्ता, लहानपणापासून गिऱ्हाइकांच्या तोंडून ऐकून ऐकून तिला पाठ होता. बाबांनी तिन्ही वेळा तपासलं तेव्हा तिनं तोच म्हणून दाखवला होता. चष्मेवाल्यांचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला. मग त्यांनी चित्रांच्या तक्त्यावर तिचे डोळे परत तपासले; ते ठणठणीतच निघाले. जाऊबाईंना त्यांनी एक महिना दिला. महिन्याच्या शेवटी खरं वाचून दाखवायचं, नाहीतर हा वर्ग बंद.

संध्याकाळी जाऊबाई जेवायला बसल्या आणि तशाच उठल्या. मला म्हणाल्या, "बावीस वर्षं मी वाचणाऱ्याचा आवाज ऐकला आणि नजर कागदावर ठेवली. वाचणाऱ्याकडे बघायचं कामच नव्हतं. इथेही तेच केलं गं. पोरीचे डोळे कुठे आहेत, एकदाही बघितलं नाही." एरवी त्यांची चूक सापडली असती तर मी मोठ्या आनंदानं गल्लीभर सांगितली असती. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं.

मुलगी यायची, पण पुस्तक उघडलं की हात मांडीखाली आणि ओठ घट्ट. आठवडा असाच गेला. ती आता कुणाहीपुढे कधीच वाचणार नाही, अशी मला धास्ती वाटू लागली.

मग जाऊबाईंनी पुस्तकं कपाटात घातली. रोज सकाळी कागदावर ठळक अक्षरांत चार ओळी लिहायच्या, आमच्या घरातल्या ताज्या बातमीच्या. कालपर्यंत घडलंच नाही ते कोण वाचून दाखवणार आणि कोण पाठ करणार? पहिला कागद असा होता: 'आज धाकट्या जावेचं दूध उतू गेलं. ती फोनवर बोलत होती. ती म्हणते, गॅस मोठा होता.' मुलीला त्याला बारा मिनिटं लागली. फोनपाशी ती अडखळली, परत मागे गेली, आणि एकदम खुदकन हसली. नऊ दिवसांनी हसली होती, म्हणून मी काही बोलले नाही. पण गॅस खरोखरच मोठा होता.

त्यानंतर ती आल्या आल्या 'आजची बातमी' मागू लागली. घरात सगळे जपून वागू लागले. माझ्या नवऱ्यानं केस काळे केले, ते सगळ्यांत आधी तिनं वाचलं. जाऊबाई आता तिच्या समोर बसायच्या आणि कागदाकडे न बघता तिच्या डोळ्यांकडे बघायच्या. चूक ऐकू आली की त्यांचा हात आपोआप पेन्सिलीकडे जायचा, म्हणून त्यांनी पेन्सिल माझ्याकडे ठेवायला दिली. मुलगी चुकायची, खिडकी मागे सरकवायची, परत वाचायची. अजूनही जोडाक्षर आलं की तिला घाम फुटायचा. बारा मिनिटांची नऊ झाली, नवाची आठ. एवढंच.

महिना संपला आणि चष्मेवाले आले. त्यांनी कागद हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला. जाऊबाई म्हणाल्या, की हा आत्ताच लिहिलाय, हिनंही पाहिलेला नाही आणि घरात दुसऱ्या कुणीही नाही. आज परत माझाच उद्धार असणार, अशा तयारीनं मी दारात उभी राहिले.

मुलीनं पुठ्ठ्याची खिडकी पहिल्या ओळीवर ठेवली. 'मी चूक केली' एवढं वाचायला तिला बराच वेळ लागला. पुढची ओळ होती, 'मी पानाकडे बघत बसले, मुलीकडे बघितलं नाही.' तिथं तिनं घाईत भलताच शब्द वाचला, मग स्वतःच थांबून तो दुरुस्त केला. तिसरी ओळ, 'तिला भीती वाटत होती, ते मला कळलं नाही.' तिचा आवाज बारीक झाला, पण बोट पुढे सरकत राहिलं. खिडकी चौथ्या ओळीवर आली. 'ती' एवढंच मोठ्यानं वाचून ती गप्प झाली. ओठ हलत होते. मी आत येऊन तिच्या पाठीमागून कागदात डोकावले. लिहिलं होतं, 'ती खोटारडी नाही.'

वडील वाकले. "अडलं का? मी सांगू?"

"अडलं नाही, बाबा," ती म्हणाली. "कळलं म्हणून थांबले."

मग ते तीन शब्द तिनं बाबांना मोठ्यानं वाचून दाखवले. बाबा "परत वाच" म्हणाले, आणि तिनं परत वाचलं.