थोरला घरात नव्हताच

एका काळ्या पट्टीवर विश्वास ठेवून मी अख्ख्या डिपार्टमेंटला लीलो चेवडो, म्हणजे बडोद्याचा ओला चिवडा, वाटला. असा शहाणपणा मीच करू जाणे.

तेव्हा चाळिशी उलटलेली, मुलगी कॉलेजात, आणि ह्या बाईसाहेब बडोद्यात पीएचडीला बसलेल्या! बाहेरून आलेला निरोप पेशीच्या आत पोचवणारी दोन प्रथिनं होती. अगदी सख्खे भाऊ. वजनात एकोणीस-वीसचा फरक, आणि शेपटीचं टोक तेवढं वेगळं. मी त्यांना थोरला-धाकटा म्हणायची. धाकट्याची शेपटी सशाला टोचून त्याच्या रक्तातून अँटीबॉडी मिळवल्या होत्या. त्यांनी फक्त धाकट्याला धरायचं, थोरल्याला शिवायचं नाही. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण सगळं त्यावर उभं.

पेशींमधली प्रथिनं वजनाप्रमाणे वेगळी करून त्यांवर या अँटीबॉडी सोडल्या; त्या जिथं चिकटतात तिथं फिल्मवर काळी पट्टी उठते. डार्करूममध्ये फिल्म धुतली तर एकच पट्टी, धाकट्याच्याच जागी! मी तिथंच लाल दिव्यात गरब्याची एक फेरी मारली. चष्मा केमिकलच्या ट्रेमध्ये पडला. म्हटलं, पडू दे मेला!

दुपारी माझे गाइड आले. गुजराती गृहस्थ, माझ्याशी हट्टानं मराठी बोलायचे. चेवड्याची मूठ भरत म्हणाले, "बेन, या पेशींमध्ये थोरला असतो?"

"असणारच की, सर."

"तुम्ही जोयो? पाहिला?"

माझ्या तोंडात बकाणा होता म्हणून बरं, नाहीतर काहीतरी बोलून बसले असते.

दुसऱ्या दिवशी दोन्ही शुद्ध प्रथिनं शेजारी-शेजारी लावली आणि त्याच अँटीबॉडी सोडल्या. दोन ठसठशीत पट्ट्या! बयांनी दोघांनाही सारखंच कवटाळलं होतं. म्हणजे माझ्या पेशींत थोरला नव्हताच, आणि बयांनी त्याला धरलं नाही म्हणून मी आपली नाचत होते.

फिल्म घेऊन रडवेली होऊन गेले. "सर, प्रकरण गेलं ना?"

त्यांनी फिल्म खिडकीशी धरली आणि पोट धरधरून हसले. मग म्हणाले, "बेन, ओळख परेडला एकच माणूस उभा केला, अने साक्षीदारानं त्याच्यावर बोट ठेवलं, तर साक्षीदाराचा बिचाऱ्याचा काय वांक, काय दोष? प्रकरण जिवंत आहे. सशाचं सगळं सीरम आधी शुद्ध थोरला बसवलेल्या नळीतून गाळून घ्या. त्याला चिकटतील त्या अँटीबॉडी जाऊ द्या, खाली उतरतील त्या फक्त धाकट्याच्या, म्हणजे तुमच्या."