कोट तयार होता

शिंपीकाकांनी उभ्या आयुष्यात एकही कपडा वेळेवर दिला नव्हता. पण "झाला नाही" म्हणून गिऱ्हाइकाला वाटेला लावणं त्यांच्या तत्त्वात बसत नसे. प्रत्येकाला त्याच्या मापाचं ताजं कारण मिळे. "तुमच्या पँटला हात लावला आणि मशीनला उचकी लागली." "कापड रुसलंय. जबरदस्ती केली तर ऐन गुडघ्यात सूड उगवेल." गिऱ्हाईक हसे, चार शिव्या घाले आणि आठवड्याने परत येई.

एकदा सुनेने असं एक कारण फोनवर टिपून इंटरनेटवर टाकलं आणि बघता बघता काका गाजले. ज्या जिभेपायी काकूंनी आजवर कपाळ बडवून घेतलं होतं, ती रातोरात घराण्याचं भूषण झाली. दुकानात गर्दी उसळली. फक्त येणाऱ्यांच्या हातात कापड नसे, फोन असे. "काका, एक कारण द्या ना!" काका देत. शिवायला काही नसताना कारण देणं म्हणजे उपाशीपोटी ढेकर देणं, हे त्यांना कळे. पण लाइक वाढलेले दिसले की ढेकरही गोड लागे.

अशात मास्तर आले. जुनं गिऱ्हाईक. शाळेतून निवृत्त होत होते, निरोपाच्या समारंभासाठी कोट हवा होता.

"आजवर तुमची सगळी कारणं ऐकून घेतली, शिंपीबुवा. एवढा एक कोट तेवढा शुक्रवारी दुपारी द्या."

काकांना ते लागलं. त्यांनी सगळी कामं बाजूला सारली, काकूंनी काजं-बटणं केली, आणि शुक्रवारी सकाळीच कोट हँगरवर! काकूंनी तर मशीनची दृष्ट काढायचंच बाकी ठेवलं होतं.

मास्तर पायरी चढताना दिसताच सुनेने फोन उचलला. "बाबा, आधी नाही म्हणा. मग एकदम कोट काढू. लाइव्ह जातंय हं!"

"मास्तर, कोट होत आला होता हो," काकांनी सुरुवात केली, "पण आरशात स्वतःला बघून असा लाजला, की बाह्या आत ओढून बसलाय!"

सून खदखदून हसली, लोकांचे शेरे मोठ्याने वाचू लागली. काकाही फोनमध्ये डोकावले, त्यांना चेव आला. दुसरं कारण झालं, तिसरं झालं. मास्तरांनी घड्याळ पाहिलं. "असू द्या. घरी जुना आहे," म्हणाले. दोघांनी मान वर केली तेव्हा दारात कोणी नव्हतं.

"कपडा नसायचा म्हणून थापा मारायचात," आतून काकू म्हणाल्या, "तो माणूस समजून हसायचा. आज कशासाठी मारल्यात?"

काकांनी हँगरवरचा कोट उचलला.

गळ्यात टेप, हातावर कोट, असे ते शाळेपर्यंत धावले. मास्तर सभागृहाच्या दारात जुन्या कोटात उभे होते. कोपरावरचं ठिगळ काकांनीच लावलेलं. "अरे, कारणवाले काका!" पोरांनी फोन रोखले. "उशीर का झाला, काका? सांगा ना!"

काकांच्या जिभेवर चार कारणं कडक इस्त्री करून हजर झाली. त्यांनी ती गिळली.

"कोट तयार होता, मास्तर. मीच दिला नाही."

यात बघण्यासारखं काही नव्हतं. फोन एकेक करून खाली गेले. मास्तरांनी जुना कोट उतरवून काकांच्या हातात दिला, नवा चढवला, हात लांब करून पाहिला.

"डावी बाही जरा लांब वाटते."

"त्याचं काय झालं, मास्तर..." काकांनी तोंड उघडलं, आणि मास्तर पोट धरून हसायला लागले.