पाळण्याची पिशवी

मोतीबाईंचं मशीन मध्येच थांबायचं. दुपारची माझी पोथी संपत यायची आणि भिंतीपलीकडची घरघर बंद व्हायची. डोकावून पाहिलं तर बाई दारात हातमशीन मांडून बसलेल्या, उजवा हात चाकावर तसाच, सुई कापडात रुतलेली, आणि नजर पार राजमाचीच्या डोंगरावर.

"काय बघताय एवढं?" मी विचारायची.

"त्या ढगाला बाही लावली तर कशी दिसंल, ते बघते, वहिनी."

कर्जतहून नदीच्या कडेकडेने कोंडाण्याला जाणाऱ्या वाटेवरचं आमचं गाव. तिथे शिवणकाम करणारी ही एकच बाई. नवरा नागू होता तेव्हा त्याने कर्जतच्या बाजारातून मशीन आणून दिलं होतं. तो गेला, मूलबाळ झालेलं नव्हतं, मशीन राहिलं. गावच्या बायका टोमणे मारायच्या.

"मोतीबाय, माझं पोलकं लेकीच्या लग्नात तरी घालाया मिळंल ना गं?"

"लेक कवडी हाय?"

"रांगते हाय."

"मग हाय की टाइम!"

आणि मोतीबाई स्वतःच खुदकन हसायच्या. पण त्यांच्या हातचं पोलकं अंगात घातलं की बाई जरा ताठ चालायची, हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून टोमणे मारून बायका पुन्हा त्यांच्याकडेच यायच्या.

पंचाहत्तर-शहात्तरच्या हिवाळ्यातली गोष्ट. आमच्या समोर सोनुबाई राहायच्या. त्यांचा मुलगा पोशा खोपोलीला कारखान्यात पाळीवर जायचा. त्याची बायको गोदा सातवी पास, डोंगराखालच्या ठाकरवाडीत बालवाडीची बाई होती. वाडीतली पोरं तिला बघितली की दगडावरून उड्या टाकत खाली यायची, असं ती सांगायची तेव्हा तिचा चेहरा उजळायचा. बाळंतपणासाठी ती घरी राहिली. मुलगा झाला. तो अंगावरच्या दुधाशिवाय कशाला तोंड लावीना. तालुक्याहून बालवाडीच्या मोठ्या बाई येऊन बाळाला बघून गेल्या आणि जाताना म्हणाल्या, "गोदाताई, येत्या सोमवारी वाडीवर याल तर ठीक. नाहीतर मला दुसरी नेमावी लागेल." गोड बोलल्या, पण बोलायचं ते बोलल्याच.

बाळाला घरी ठेवता येत नव्हतं, कारण दूध. न्यायचं तर रोज नदी ओलांडून चढ चढायचा. गोदाने एकदा जाऊन पाहिलं. कडेवर बाळ, खांद्याला थैली, हातात दुपट्या-लंगोटांचं गाठोडं, करंगळीत भाकरीची पुरचुंडी. नदीत धोंड्यावरून पाय टाकताना मुलांच्या चित्रांचा पुठ्ठा निसटून पाण्यात गेला. तो धरायला वाकली तर गाठोडं सुटलं, आणि ओले लंगोट भाकरीवर. अर्ध्या वाटेतूनच परत आली आणि मोतीबाईंच्या पायरीवर बसून रडायला लागली.

मोतीबाईंनी बाळ मांडीवर घेतलं. "उगी. मला बघू दे," म्हणाल्या, आणि डोंगराकडे बघायला लागल्या.

मग कुणाची पोलकी न् कुणाचे परकर, सगळं खुंटीला. एका सकाळी मी तुळशीला पाणी घालत होते तेव्हा त्या कुंपणापाशी आल्या. डोळे अजून झोपेतलेच.

"वहिनी, झोपंत दिसली बघा. पिशवी. नदीवरनं चालत येत व्हती. कुणाच्या खांद्यावर नाय, आपली आपणच. आन् एकेक अंग काढून ठेवत व्हती, जशी बाय दागिने उतरवते."

मला हसू आलं. पण देव ज्याच्या त्याच्याशी ज्याला त्याला कळेल असंच बोलतो. माझ्याशी पोथीतून बोलत असेल, त्यांच्याशी कापडातून.

त्यांनी मांजरपाटाची पिशवी शिवली. अशी पिशवी मी आधी पाहिली नव्हती. बाहेरून तिला कप्पे, पण प्रत्येक कप्पा बटणांवर बसवलेला. ओल्या लंगोटांचा मेणकापडाचा, तो वाटेतच काढून ओढ्यात धुवावा. भाकरीचा वेगळा. पुठ्ठे आणि हजेरीसाठी एक चपटा, बालवाडीत पोचलं की तेवढाच काढून भिंतीला अडकवावा. ज्या दिवशी ज्याचं काम नाही तो घरीच ठेवावा. आमच्या देवघरात समई, शंख, उदबत्तीचं घर, प्रत्येकाची जागा ठरलेली असते, तसं ते दिसत होतं. आणि सगळ्यात नवल पिशवीच्या पोटाचं. कडेची बटणं सोडली की पोट उलगडून लांब कापड व्हायचं, दोन्ही टोकांना बांधायचे बंद. बालवाडीच्या वाशाला बांधलं की झाली बाळाची झोळी. खाली मुंग्या, विंचू. बाळ वर निवांत.

गोदाने आमच्या अंगणात ती खांद्याला लावून पाहिली. कडेवर बाळ, दुसरा हात मोकळा! ती हात हवेत हलवत गोल गोल चालली. उन्हं कोवळी होती, धुकं अजून गवतावर होतं, आणि ती पिशवी तिच्या कमरेशी डावी-उजवीकडे झुलत होती. मोतीबाई मशीनवर हनुवटी ठेवून बघत होत्या. त्यांना जे दिसलं होतं ते आता सगळ्यांना दिसत होतं.

तेवढ्यात सोनुबाई शेतावरून वालाच्या शेंगांचा भारा घेऊन आल्या. जमलेल्या बायकांतलं कुणीतरी कौतुकाने म्हणालं, "बघा, सुनेची पिशवी! झोळी पन हाय तीच!"

सोनुबाईंनी भारा खाली टाकला. "गोदे, थांब. हलू नको."

गोदा थांबली. पिशवी आपल्या लयीत अजून झुलतच होती. सोनुबाईंनी पुढे होऊन ती दोन्ही हातांनी धरली.

"बाळ कडेवर, आन् रिकामा पाळणा झुलवत निघालीस गं?"

रिकामा पाळणा हलवला तर ते बाळावर येतं, म्हणतात. ही गोष्ट मूल असलेल्या प्रत्येक बाईच्या हाताला ठाऊक असते. मीसुद्धा मूल उचललं की दोरी धरून पाळणा स्थिर करायची, मगच वळायची. इतकी नजर लावून बघत होते, आणि माझ्याही ध्यानात आलं नव्हतं.

"आत्याबाई, पिशवी हाय ती," गोदा म्हणाली. "पाळणा वाडीवर गेल्यावर."

"झोळी ती झोळी."

"मग नारळ ठिवते आत, म्हंजे रिकामी नाय."

"नारळाला दूध पाजशील?" मग त्या मोतीबाईंकडे वळल्या. "मोते, तुला गं काय ठाऊक? तुज्या घरात कवा दोरी बांदली वाशाला?"

मोतीबाई मान खाली घालून सुईत दोरा ओवायला लागल्या. सुईत दोरा आधीच होता.

पिशवी सोनुबाईंनी घडी करून आपल्या फडताळात ठेवली आणि गोदाला सांगून टाकलं, "जायाचं नाय आता." गोदा बाळाला घेऊन आत गेली आणि दार लावून घेतलं. सोमवार तोंडावर आला होता.

संध्याकाळी सोनुबाई माझ्याकडे तुळशीपाशी येऊन बसल्या. कुणी न विचारता सांगितलं. लग्न होऊन आल्या तेव्हा नणंदेचा रिकामा पाळणा त्यांनी गंमत म्हणून झुलवला होता. त्यांचा पहिला मुलगा बारशाआधीच गेला. "मला कुणी बोल्लं नाय हो, वहिनी. पन माजा हात मला ठाऊक हाय." मी त्यांना प्रसादाचा खडा दिला.

दुसऱ्या दिवशी मोतीबाई मला ओढून सोनुबाईंच्या खळ्यावर घेऊन गेल्या. "तुमी नुसत्या हुब्या ऱ्हा, वहिनी."

गोदा पाण्याला गेली होती. सोनुबाई शेंगा झोडपत होत्या आणि नातू त्यांच्या अंगाशी झोपलेला. लुगड्याचा पदर एका खांद्यावरून घेऊन, कमरेला वळसा देऊन त्यांनी त्याची खोळ केली होती. दोन्ही हात मोकळे. आम्हाला पाहताच त्या सुरू झाल्या.

"आलीस? सांगून ठेवते, मोते, गोड बोलून काय व्हनार नाय. माझ्या घरातलं पोर हाय. तू तुजी पोलकी शीव…"

मोतीबाई ऐकतच नव्हत्या. मान तिरकी, डोळे अर्धे मिटलेले, ढगाकडे बघताना असायचे तसे.

"…ऐकतेस का गं?"

"सोनुबाय, जरा पाठमोऱ्या व्हा."

"काय?"

"पाठमोऱ्या. हां. आता वाका. गाठ कुठं मारता तुमी? काखंखाली?"

सोनुबाई रागातच वळल्या, रागातच वाकल्या. मोतीबाईंनी त्यांच्या पाठीवरच्या पदरावरून बोट फिरवलं, खांद्यापासून कमरेपर्यंत, जणू खडूने रेघ मारताहेत.

"ह्यो कवा रिकामा झुलतो का?"

"पदर कसा रिकामा झुलंल? बाळ असंल तर खोळ, नसंल तर पदर."

"हां," मोतीबाई म्हणाल्या. "मी उलटं शिवलं. पिशवीची झोळी केली. खोळीला पिशवी लावाया पायजे व्हती. बाळ त्याच्यातच वाडीवर जाईल, त्याच्यातच वाशाला चढंल. बाळ निघालं की बटणं सोडायची, आन् ऱ्हाईलं काय? फडकं. अंगाला गुंडाळायचं."

सोनुबाई काठी टेकून सरळ उभ्या राहिल्या. नातवाने झोपेत तोंड हलवलं.

"मांजरपाट टोचंल त्याला," शेवटी त्या म्हणाल्या. आत गेल्या आणि धुऊन धुऊन सायीसारखं झालेलं आपलं जुनं हिरवं लुगडं घेऊन आल्या. सोबत फडताळातली पिशवीही. "दुहेरी कर. माझं वजन नाय पेलत आता ते. त्याचं पेलंल."

रविवारभर मशीन एकदाही थांबलं नाही. माझी पोथी त्या घरघरीतच वाचून झाली.

सोमवारी पहाटे देवाच्या पाण्यासाठी मी नदीवर गेले. धुक्यात पलीकडचा काठ दिसत नव्हता. गोदा आली, हिरव्या लुगड्याच्या खोळीत बाळ छातीशी, एका बाजूला भाकरीचा कप्पा, एका बाजूला मेणकापडाचा, पाठीवर चपटा पुठ्ठ्यांचा, सगळे बटणांनी त्या खोळीलाच धरलेले. मागे सोनुबाई आणि मोतीबाई.

गोदाने दोन्ही हात पसरले आणि एकेक धोंड्यावर पाय ठेवत ती पाण्यात शिरली. सोनुबाईंचे ओठ हलत होते. अर्ध्या नदीत बाळाचा पाय खोळीतून बाहेर आला. गोदाने मोकळ्या हाताने तो आत घेतला आणि पुढे गेली. मग धुक्यात नुसता हिरवा रंग राहिला. मग तोही नाही. थोड्या वेळाने पलीकडून बांगड्यांचा आवाज आला आणि गोदाची हाक, "पोचले, आत्याबाई!"

सोनुबाईंनी पदराने तोंड पुसलं. परत वळायचं सोडून त्या तिथेच उभ्या राहिल्या.

"मोते," त्या म्हणाल्या, "आन् पावसात गं? वरून काय घालायचं त्याला?"

मोतीबाई आधीच डोंगराकडे बघत होत्या.